दुःख संपेपर्यंत थांबू, की आत्ताच नव्याने सुरुवात करू?

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं सावकाश वाचलं. आधी ते थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलंय का ते तुम्हालाही बघता येईल. तुमचं वय ४८, डोंबिवलीत राहून इतकी वर्षं अकाउंट्सची नोकरी केलीत, दीड वर्षापूर्वी मिस्टर हार्ट अटॅकने गेले, मुलगा पुण्याला जॉबला लागला, गुहागर तालुक्यातल्या घरी सासूबाई एकट्या, म्हणून नोकरी सोडून तुम्ही तीन महिन्यांपूर्वी सासरच्या घरी कायमच्या राहायला आलात. कोकम-आमसुलाचा घरगुती उद्योग करावा, पुढे मागे दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात असं डोक्यात आहे. पण काही दिवस खूप उत्साह वाटतो आणि काही दिवस अंथरुणातून उठवतच नाही, एखाद्या दिवशी कोणाशी बोलताना मोकळं हसू आलं की रात्री स्वतःचीच लाज वाटते, दीर म्हणाले की आता ह्या वयात हे काय नवीन, आणि मग तुम्ही विचारलंय की आधी दुःख संपू दे आणि मग सुरुवात करू, की सुरुवात केली की दुःख आपोआप संपेल, आणि ह्या वयात माणूस खरंच बदलतो का.

सरळ उत्तर देते. दुःख संपायची वाट बघू नका, आणि काम सुरू केलं की ते संपलंच पाहिजे अशी अटही स्वतःला घालू नका. दोन्ही शेजारी शेजारी चालणार आहेत, बराच काळ. आणि हो, माणूस बदलतो, ४८ ला पण बदलतो आणि त्याच्या पुढेही बदलतो, त्याबद्दल खाली लिहिते.

मी रत्नागिरीत समुपदेशन करते, बरीच वर्षं झाली आता. माझ्याकडे येणाऱ्यांत जोडीदार गेलेली माणसं खूप असतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते, की दुःखाच्या पायऱ्या असतात, एक संपली की दुसरी, आणि शेवटची पायरी आली की मोकळं. हे कुठून आलं ते सांगते. एलिझाबेथ कुबलर-रॉस म्हणून एक डॉक्टर होत्या, त्यांनी १९६९ मध्ये नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. पण त्या मांडल्या होत्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, म्हणजे ज्यांना स्वतःला जायचं होतं त्यांच्याबद्दल. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं आणि आता व्हॉट्सअॅपवर तेच फिरतं. त्यामुळे होतं काय, की दीड वर्षाने परत रडू आलं की बाईला वाटतं मी मागे गेले, माझी पायरी चुकली, माझंच काहीतरी बिघडलंय. तसं काही नसतं हो.

मला स्वतःला जे जास्त पटतं आणि रोजच्या कामात दिसतं ते वेगळं आहे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं की जोडीदार गेलेलं माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतं. एक काम म्हणजे गेलेल्याचं दुःख करणं, आठवणी, फोटो, रडणं, चिडणं. आणि दुसरं म्हणजे आयुष्याची नवी घडी बसवणं, म्हणजे बँकेत आपलं आपण जाणं, लाईटबिल कोण भरायचं, आपण आता कोण आहोत, पुढे काय करायचं. आणि ही ये-जा हीच बरी होण्याची रीत आहे असं त्यांचं म्हणणं. फक्त रडत बसलं तर माणूस त्यात रुतून बसतं, आणि फक्त कामाला जुंपून घेतलं, आठवणच काढायची नाही असं ठरवलं, तर ते कधीतरी उसळून वर येतं, बहुतेक वेळा नको त्या वेळी, लग्नकार्यात वगैरे. म्हणजे तुमचा एखाद्या सोमवारचा उत्साह खोटा नाही आणि एखाद्या गुरुवारचं न उठवणंही आळस नाही. एकाच मनाच्या ह्या दोन फेऱ्या आहेत. तुम्ही ज्याला धरसोड म्हणताय ना, त्याला मी चांगलं लक्षण म्हणेन, कारण ज्यांची ये-जा बंद पडते त्यांची मला जास्त काळजी वाटते.

ह्यावरून निसर्ग वादळ आठवतं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, इकडे दापोली, मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीची आगरं आडवी झाली. त्यानंतर जे बागायतदार बोलायला यायचे ते नुकसानीचा आकडा कमी सांगायचे आणि अमुक झाड आजोबांनी लावलेलं, तमुक वडिलांनी लावलेलं हे जास्त सांगायचे. पोफळ लावली की सुपारी मिळायला सहा-सात वर्षं तरी जातात, त्यामुळे साठीच्या माणसाला रोप लावायचं म्हणजे काय वाटत असेल ते बघा. पण लावली लोकांनी. एकीकडे पडलेले सोट करवतीने कापून बाहेर काढत होते आणि त्याच आगरात दुसऱ्या कोपऱ्यात रोपांसाठी खड्डे मारत होते, डोळ्यात पाणी असताना. आधी सगळं दुःख आवरू आणि मग रोपं आणू असं म्हणून थांबलेल्यांचे पावसाळे तसेच निघून गेले.

आता तुमच्या हसण्याचं. ताई, ही लाज तुमच्या मनातून उगवलेली नाही, ती आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली आहे, नवरा गेलेल्या बाईने कसं दिसायचं, कुठे उभं राहायचं, हळदीकुंकवाला कोणाच्या ओट्यावर चढायचं नाही, हसायचं किती. आणि ह्याच कोकणात ते मोडणारीही माणसं झाली, तेही जुन्या काळात. देवरुखच्या गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या, आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. त्या लग्नामुळे मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि पुढे त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. आणि आत्ताचं सांगायचं तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. तुमच्या वाडीत हे पोचायला वेळ लागेल, मला माहितीये. तरी तुम्ही टिकली लावायची की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे, कोणाच्या नजरेने नाही. हसलात म्हणजे मिस्टरांना विसरलात असा हिशोब माणसाच्या मनात नसतोच मुळी. बऱ्याच बायका मला सांगतात की पहिल्यांदा मोकळं हसल्यावर लगेच वाटलं, हे अहोंना सांगायला पाहिजे. तुम्हालाही तसंच झालं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अजून एक, तुम्ही स्वतःकडून फार लवकर फार जास्त मागताय. होम्स आणि राहे ह्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या घटनांना ताणाचे गुण लावले होते, त्यात जोडीदाराचा मृत्यू सगळ्यात वर, १०० गुण. पैशाच्या परिस्थितीत बदल ३८, कामाचं क्षेत्र बदलणं ३६, मूल घराबाहेर पडणं २९, राहायची जागा बदलणं २०. ही पट्टी जुनी आहे, परदेशातली आहे, गुण म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही, पण मुद्दा एवढाच की नवऱ्याचं जाणं, नोकरी सोडणं, मुलगा पुण्याला आणि डोंबिवली सुटणं हे सगळं तुमच्यावर दीड वर्षात आलंय. आपण तरवा उपटून दुसऱ्या वाफ्यात लावणी करतो तेव्हा पहिले आठ-दहा दिवस भात पिवळं पडतंच, शेतकरी काय म्हणतो, मूळ धरू दे. तुमचे तीन महिने तसे समजा. त्यात तुम्ही वाईट झालात, कमकुवत झालात असं काही झालेलं नाही.

मग करायचं काय. इथे मी थोडी ठाम बोलते कारण इथेच बहुतेक जण अडतात. मन लागलं की काम करीन, असं आपण म्हणतो. पण उदास मनाचं उलट असतं, काम आधी आणि मन मागून येतं. त्यामुळे उत्साह आलाय की नाही हे न बघता रोज ठरल्या वेळी करायचं असं एकच लहान काम धरा, इतकं लहान की गुरुवारीही होईल. आणि ते हवेत ठरवू नका, कशाला तरी बांधा. पीटर गोलवित्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी हे अभ्यासून दाखवलंय की "मी व्यायाम करीन" असं म्हणणाऱ्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवणाऱ्याच्या हातून काम जास्त होतं. तुमच्यासाठी म्हणजे, सासूबाईंचा चहा झाला की मी चप्पल घालून आगराच्या टोकापर्यंत जाऊन येईन. बस. तिथे जाऊन काहीही करायचं नाही, पडलेली सुपारी दिसली तर उचला, नाही तर नका उचलू.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या सवयी मोजल्या, २०१० च्या सुमाराला ते प्रसिद्ध झालं, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसामाणसात फरक केवढा, १८ पासून २५४ पर्यंत. आणि मला त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही वाटते की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा एका गुरुवारी नाही उठलात तर शुक्रवारी चहा झाला की चप्पल घाला, कालचं खातं उघडू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बोलते, तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे. सासूबाई. तुमचा नवरा गेला तसा त्यांचा मुलगा गेला आहे. एका घरात दोन दुःखं आहेत आणि तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की दोघी एकमेकींना जपण्यासाठी त्याबद्दल बोलतच नाही. त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही माजघरात रडता, तुम्हाला त्रास नको म्हणून त्या पहाटे देवापुढे रडत असणार. असं मी इतक्या घरांतून बघितलंय. बाहेरून शांत घर असतं आणि आत दोघीही एकट्या. आणि त्यात त्या जुन्या वळणाच्या, त्यामुळे तुम्ही हसलात, बाहेर पडलात तर त्यांना काय वाटेल ही धास्ती.

माझ्याकडे दापोलीच्या बाजूच्या एक ताई यायच्या, परिस्थिती साधारण तुमच्यासारखी. मिस्टरांचं कपाट तसंच होतं, उघडायची हिंमत नव्हती, आणि सासूबाई रोज त्या कपाटाच्या आरशावरची धूळ पुसायच्या पण कपाट त्याही उघडत नव्हत्या. आम्ही ठरवलं की एकटीने उघडायचं नाही. एके दुपारी जेवणं झाल्यावर त्या सासूबाईंना म्हणाल्या, आई, आपण दोघी मिळून बघूया का. एकेक शर्ट काढायचा, पलंगावर ठेवायचा, आणि तो कधी घातला होता ते जिला आठवेल तिने सांगायचं. एका शर्टाच्या खिशात एसटीचं तिकीट निघालं, गुलाबी, पुसट झालेलं, त्यावर दोघी खूप वेळ बोलल्या की हा कुठे गेला असेल. सासूबाईंना वाटत होतं तो त्यांच्यासाठी औषध आणायला गेला असणार. मग हसल्याही, कारण एक शर्ट असा निघाला की तो त्यांना दोघींनाही कधीच आवडला नव्हता आणि दोघींनीही हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. शेवटी तीन शर्ट ठेवले, बाकीचे गड्याला आणि पाहुण्यांत दिले. कपाट रिकामं करणं हा उद्देश नव्हताच. त्या दिवसापासून त्या घरात त्याचं नाव घेता येऊ लागलं. तुमच्याकडे कपाट नसेल, दुसरं काही असेल, त्यांचा मोबाईल, त्यांची गाडी, पडवीतली खुर्ची. घाई नको. पण सुरुवात तुम्ही करा, त्या करणार नाहीत, त्यांच्या पिढीला ते शिकवलेलंच नाही.

आणि कोकमाचं काम तुम्ही सासूबाईंना धरूनच सुरू करा, हे मी समुपदेशक म्हणून सांगते. आमसुलं तुम्हाला येत नसतील, त्यांना डोळे मिटून येत असतील. पिकलेलं कोकम कसं ओळखायचं, फोडून बी आणि गर काढून साल वेगळी कशी ठेवायची, रसात मीठ किती, साल रसात बुडवून उन्हात घालायची, वाळत आली की परत रसात, अशी पुटं किती दिवस द्यायची म्हणजे रंग काळसर येतो, आभाळ भरून आलं की खळ्यातलं वाळवण कसं पटकन आत घ्यायचं, हे सगळं त्यांच्या हातात आहे. सत्तरी उलटलेल्या, मुलगा गेलेल्या बाईला कोणीतरी "आई, मीठ बघा ना बरोबर पडलंय का" असं विचारणं ह्याला किती मोल आहे ते मला शब्दात सांगता येणार नाही. तुमची नवी सुरुवात त्यांचीही होऊ दे.

पहिल्या वर्षी विकायचा विचार फार करू नका. घरातल्या आणि मागणाऱ्या नातेवाइकांच्या पुरती आमसुलं, थोडं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. कोकमाचं नाव मोठं आहे, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे, पण फळ मे महिन्यात हाताशी येतं आणि पाऊस आला की झाडावर कुजतं, म्हणजे काम चार आठवड्यांत कोंबलेलं असतं, ते अंगावर एकदा घेऊन बघायला पाहिजे. झाडं नवी लावणार असाल तर बियांची रोपं नकोत, त्यातली निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला वर्षं जातात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता, कोकण हातीस अशा जातींची कलमं घ्या. विकायला लागलात की अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, लहान उद्योगाला ती ऑनलाईन आणि अगदी थोड्या पैशात होते. हिशोब तुम्हाला शिकवायची गरजच नाही, आणि हे तुम्ही विसरताय, की डोंबिवलीतलं अकाउंट्सचं सगळं कौशल्य तुमच्याबरोबर इथे आलेलं आहे. वाडीतल्या कितीतरी बायका चांगला माल करतात आणि खर्च किती आला ते माहीत नसतं म्हणून तोट्यात विकतात. तुम्ही त्यांच्यात कामाच्या ठराल. पर्यटकांच्या खोल्यांचं मात्र एक वर्ष तरी बाजूला ठेवा, अनोळखी माणसं रात्री-बेरात्री येणार, त्यांच्याशी हसून बोलायचं, ते आत्ता तुमच्याकडून ओढून ताणून होईल आणि सासूबाईंनाही जड जाईल.

दिरांचं बोलणं मनाला लागलंय ते कळलं. कदाचित त्यांना खरंच काळजी असेल, कदाचित घराचा विचार असेल, कदाचित दोन्ही, मी त्यांना ओळखत नाही त्यामुळे आरोप करणार नाही. पण भावना आणि कागद वेगळे ठेवा. मिस्टरांचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तुमची वारस नोंद झाली आहे का बघा, झाली नसेल तर तलाठ्याकडे मृत्यू दाखला आणि वारसांच्या माहितीसकट अर्ज द्या, फेरफार झाला की नवा उतारा काढून ठेवा, आणि घरपट्टीचा उतारा ग्रामपंचायतीतून वेगळा काढा कारण घर आणि जमीन ह्यांचे कागद वेगळे असतात. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर मिस्टरांच्या हिश्श्यात तुम्ही, मुलगा आणि सासूबाई असे पहिल्या वर्गाचे वारस येतात, मुलगी असती तर तीही. दीर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्याचे मालक, तुमच्या मिस्टरांच्या हिश्श्याचे नाहीत. ह्याच्यापुढे काही वाद निघाला तर वकील गाठा. आणि हे करताना भाऊजींना सांगून करा, चोरून नको, "भाऊजी, कागद वेळेत केलेले बरे, तुमच्याही नावाचं काही राहिलं असेल तर एकदमच करूया" असं म्हणालात की बरीचशी हवा निघून जाते. ह्याचा मनाशी काय संबंध असं वाटेल. खूप आहे. ज्या घरात आपण पाहुणे आहोत असं वाटतं तिथे कोणालाच काही सुरू करावंसं वाटत नाही.

आता वय. २०१३ मध्ये एक अभ्यास आला होता, जोर्डी क्वाइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन ह्यांचा, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांचा. त्यात असं दिसलं की गेल्या दहा वर्षांत आपण किती बदललो हे माणसं मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत आता फार बदलणार नाही असं प्रत्येक वयात म्हणतात, तिशीतला पण आणि पन्नाशीतला पण, आणि ते चुकीचं निघतं. त्याआधी २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं चाललेले ९२ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यातही मध्यम वयात आणि त्यानंतरही स्वभावात बदल होत राहतात असं आलं. तेव्हा "आता काय बदलणार" ही वयाची खात्री नाही, तो माणसाच्या अंदाजातला नेहमीचा घोळ आहे. तुम्हीच बघा, दीड वर्षापूर्वी बँकेचं, इन्शुरन्सचं, मुलाच्या भाड्याच्या खोलीचं सगळं एकटीने करावं लागेल असं कोणी म्हटलं असतं तर विश्वास ठेवला असतात का? केलंत ना.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. जगावंसंच वाटत नाही, आपण नसलेलंच बरं असे विचार येत असतील, आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण गेलं असेल, किंवा ये-जा पूर्ण थांबून रोजचा प्रत्येक दिवस गुरुवारच होत असेल, तर ते लहान कामाने सुटणार नाही, तिथे डॉक्टर लागतो. वर्ष उलटून गेल्यावरही दुःखाची धार रोज तशीच असेल आणि त्यामुळे रोजचं जगणं अडत असेल तर त्याला आता वैद्यकशास्त्रातही वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही सरकारची फोनवरची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, रत्नागिरीत मनोरुग्णालयही आहे, त्या नावाला घाबरू नका, आणि गावात कोणी बघेल म्हणून टाळू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला आत्ता तसं दिसत नाही, उत्साहाचे दिवस येतायत, पण लिहिण्यातून सगळं कळत नाही म्हणून सांगितलं.

वर्षश्राद्ध होऊन गेलं असलं तरी काही तारखा पुढे येणारच, लग्नाचा वाढदिवस, त्यांचा वाढदिवस, आणि कोकणात सगळ्यात मोठं म्हणजे गणपती, जेव्हा घर भरतं आणि एक जागा रिकामी राहते. त्या दिवसांत अंथरुण सोडवलं नाही तर दचकू नका. आधीच ठरवून ठेवा की त्या दिवशी काय करायचं. पुण्याहून मुलाला एक दिवस आधी बोलवा, आणि आरतीनंतर सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्या, त्यांना कुठले मोदक आवडायचे ते मोठ्याने बोला. गप्प राहिलेल्या घरात ते दिवस फार लांब होतात.

राहिला डोंबिवलीचा फ्लॅट, तो विकून इथे पैसे घालू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. एवढ्यात नको. मागचे दोर कापल्यावरच माणूस जोर लावतो असं म्हणतात, पण शोकात असलेल्या माणसाला मी कधीच दोर कापायला सांगत नाही, परत जाता येतंय हे माहीत असलं की इथे राहणं उलट सोपं जातं. फ्लॅट अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सने द्या, करार रजिस्टर करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. सोसायटीत तुमचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर एवढ्यावर मालकी आपली झाली असं समजू नका, वारस म्हणून कागद तिथेही करावे लागतील, मुलगा सुट्टीला आला की दोघं मिळून जा. भाडं येईल त्यातून घरखर्च निघेल आणि कोकमावर पोट अवलंबून राहणार नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीची आमसुलं फसली तरी तुम्हाला झोप लागेल. पुढच्या वर्षी कोकमाचा सीझन संपला की सासूबाई, मुलगा आणि तुम्ही तिघं एकत्र बसून फ्लॅटचं ठरवा.